अतिवेगवान शिकारी क्रॉसबो

बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य, ताणलेली दोरी धरून ठेवणारी खिट्टी आणि ती सोडवणारा चाप, अशी क्रॉसबोची मूळ रचना आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच काशाच्या चापाचे क्रॉसबो सैन्यात होते. युरोपात ते इतके घातक ठरले की ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्यांचा वापर निषिद्ध ठरवला. या बंदीचा फारसा उपयोग झाला नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ मध्ये क्रॉसबोच्याच बाणाने जखमी होऊन मेला. आजचे शिकारी यंत्र मात्र त्या जुन्या हत्यारापेक्षा मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांच्या कंपाउंड धनुष्याला जवळचे आहे. ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. भुजांच्या टोकांवर चाके आणि केबल बसवण्याची त्यांची कल्पना पुढे क्रॉसबोत आली आणि वेगाची चढाओढ सुरू झाली.

वेग फूट प्रतिसेकंदात सांगतात. ४०० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे १२२ मीटर, किंवा त्याहून अधिक वेग देणाऱ्या क्रॉसबोला बाजारात साधारणपणे वेगवान समजतात. रॅव्हिन आर ५०० आणि टेनपॉइंट नायट्रो ५०५ यांच्या तर नावातच जाहीर केलेला वेग आहे. हा आकडा ठरावीक वजनाच्या बाणाने मोजलेला असतो. शिकारी जड बाण लावतो तेव्हा वेग उतरतो, म्हणून दोन क्रॉसबोंची तुलना करताना वेगासोबत बाणाचे वजनही पाहावे लागते.

बाणाला मिळणारी ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते: दोरी किती जोराने ओढली आणि बाणाला ढकलत ती किती अंतर पुढे आली. हाताने ओढायच्या धनुष्यापेक्षा क्रॉसबोत हे अंतर बरेच कमी असते. ती तूट जोराने भरून काढावी लागते. म्हणून दोनशे पौंड किंवा त्याहून अधिक ताण, आखूड व ताठर भुजा आणि मोठे कॅम, म्हणजे भुजांच्या टोकांवरची चाके, लागतात. एवढा ताण हाताने भरणे अवघड असल्याने वेगवान क्रॉसबोत दोरी ओढणारी हँडलची यंत्रणा बहुधा दस्त्यातच असते. तिचा एक मोठा फायदा असा की खांद्याचे दुखणे असलेल्या किंवा वयस्क शिकाऱ्यालाही ते हत्यार वापरता येते. कॅम पूर्ण फिरवून घेणाऱ्या रचनेत ताणलेला क्रॉसबो इतका अरुंद होतो की मचाणावर किंवा झुडपाआडच्या आडोशात तो सहज वळवता येतो.

वेगाने शिकाऱ्याला नेमके काय मिळते, याबाबत बराच गैरसमज आहे. जास्त वेग म्हणजे जास्त मारक शक्ती हे खरे, पण तिची गरज नसते. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. धारदार पाते रक्तवाहिन्या आणि फुप्फुस कापते व रक्तस्रावाने जनावर पडते. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या प्रचलित तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड ऊर्जा पुरेशी धरली आहे. ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण ४०० फुटांच्या वेगाने सुटला की १४२ फूट-पौंड देतो आणि ५०० फुटांच्या वेगाने २२२. हरणाच्या दृष्टीने दोन्ही आकडे गरजेच्या कितीतरी पुढचे आहेत.

खरा लाभ अंतराच्या अंदाजात आहे. समजा, शिकाऱ्याने हरीण ३५ मीटरवर धरून नेम घेतला, पण ते प्रत्यक्षात ४५ मीटरवर होते. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला तर ३५० फुटांच्या वेगाचा बाण नेमाच्या सुमारे १९ सेंटिमीटर खाली लागतो, ५०० फुटांचा साडेनऊ. हरणाच्या हृदय-फुप्फुसाची जागा साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची असते. मध्यावर धरलेला पहिला बाण त्या जागेच्या बाहेर जातो, दुसरा आतच राहतो. जखमी होऊन रात्रभर रानात तडफडणारे जनावर आणि काही क्षणांत कोसळणारे जनावर यांच्यातला फरक एवढ्या सेंटिमीटरांचा आहे, म्हणून हा गुण हलका मानू नये. अर्थात, लेझर अंतरमापक हाताशी असला तर हीच चूक मुळात टळते आणि त्याला वेगवान क्रॉसबोइतका पैसा लागत नाही.

याच लाभाचा दुरुपयोगही होतो. बाणाचा मार्ग सपाट झाला की ७०-८० मीटरवरचे लक्ष्य टप्प्यात आल्यासारखे वाटते. फळीवर ते साधतेही. जनावर मात्र एका जागी उभे राहत नाही. पांढऱ्या शेपटीचे हरीण दोरीचा आवाज ऐकताच झेप घेण्यासाठी आधी अंग खाली दबवते आणि बाण पाठीवरून निघून जातो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. सर्वांत वेगवान बाणही त्याच्या निम्म्याला पोहोचत नाही. ४५ मीटरवर आवाज पोहोचल्यानंतर ३५० फुटांच्या बाणापुढे हरणाला सुमारे ०.२९ सेकंद मिळतात, ५०० फुटांच्या बाणापुढे ०.१६. उसंत घटते, संपत नाही. अंतर वाढले की पुन्हा वाढते. वेगाच्या भरवशावर पल्ला वाढवणे ही या हत्याराच्या वापरातली सर्वांत वाईट सवय होय. घनदाट रानात तीस-पस्तीस मीटरच्या आत बसणाऱ्या शिकाऱ्याला ३५० ते ४०० फुटांचा क्रॉसबो पुरतो.

वेगाची किंमत इतर ठिकाणीही मोजावी लागते. दोरी व केबल लवकर झिजतात आणि कंपाउंड क्रॉसबोची दोरी बदलायला बहुधा प्रेस लागतो, म्हणजे दुकान गाठणे आले. बाणाच्या टोकाचे स्थिर पात्यांचे फाळ जास्त वेगात पुढच्या पंखांसारखे वागून बाण भरकटवतात. घडीचे फाळ सुटतानाच्या हिसक्याने वाटेतच उघडू शकतात. उत्पादकाने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाण वेग वाढवतो, पण न वापरलेली ऊर्जा भुजांमध्ये परत जाते. बाणाच्या मागचा नॉक त्या क्रॉसबोसाठी सांगितलेलाच हवा. तो चुकीचा असेल तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटते आणि रिकामा चाप ओढल्यासारख्या आघाताने भुजा फुटू शकतात.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे पुढचा हात. दस्ता धरताना अंगठा नकळत वर येऊन बाण बसण्याच्या पन्हळीच्या काठावर टेकला तर सुटणारी दोरी तो गंभीरपणे कापते. दिवस मावळल्यावर न वापरलेला क्रॉसबो उतरवणेही जिकिरीचे असते. अनेक क्रॉसबोंत जुना बाण मऊ जमिनीत किंवा लक्ष्यफळीत सोडूनच ताण काढावा लागतो; काही महागड्या क्रॉसबोंत हँडलने दोरी सावकाश पुढे आणता येते. ही सोय दहा-वीस फुटांच्या जास्तीच्या वेगापेक्षा मोलाची आहे.

कॅनडाच्या एक्सकॅलिबर कंपनीचे रिकर्व्ह क्रॉसबो हा कंपाउंड क्रॉसबोला वेगळा पर्याय आहे. त्यांत कॅम आणि केबल नसतात. वेग कमी आणि रुंदी जास्त. पण तुटलेली दोरी रानातच बदलता येते.

अमेरिकेत क्रॉसबोने शिकार करण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. मिशिगन व पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये सवलती वाढवल्या, विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये क्रॉसबोचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब क्रॉसबोची शिकार नोंदीत घेत नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वन्य पशुपक्षी क्रॉसबोने मारण्यास मनाई आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार, मग ती कोणत्याही हत्याराने असो, गुन्हा आहे.