तुरीच्या जनुकांचा डेटा कुठे साठवतात? वऱ्हाडाला त्याचा काय उपयोग?

अमरावती-अकोल्यात तुरीवर मर रोग आला की उभं झाड वाळतं. काही वाण मात्र तग धरतात. असं का होतं, याचं उत्तर शोधायला जनुकांचा डेटा मदत करतो. तो कुठे असतो आणि कोणाला मिळतो?

जनुक अभिव्यक्ती म्हणजे काय?
मुळापासून शेंगेपर्यंत तुरीच्या पेशींमध्ये जनुकं तीच असतात. पण कोणतं जनुक कुठे, कधी आणि किती काम करतं, हे बदलतं. काम करणाऱ्या जनुकाच्या आरएनए प्रती तयार होतात. त्या मोजून जो मोठा तक्ता तयार होतो, तोच अभिव्यक्तीचा डेटा.

तुरीचा असा डेटा आहे का?
आहे. इक्रिसॅटच्या पुढाकाराने २०११ मध्ये ‘आशा’ या मर-प्रतिकारक वाणाचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. त्यात सुमारे ४८,६८० जनुकं असल्याचा अंदाज होता. २०१७ मध्ये याच वाणाच्या ३० नमुन्यांवरून अभिव्यक्तीचा नकाशा तयार झाला.

असा डेटा कुठे ठेवतात?
अमेरिकेतलं ‘जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस’ हे भांडार २००० पासून सुरू आहे. तिथला खुला डेटा कोणीही मोफत डाउनलोड करू शकतं. भारतात फरिदाबादला २०२२ मध्ये ‘इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर’ सुरू झालं. तिथे जैविक डेटासाठी सुरुवातीला सुमारे ४ पेटाबाइट जागा होती.

डेटा देताना काय द्यावं लागतं?
यंत्रातून आलेला कच्चा डेटा, मोजणीचा तक्ता आणि नमुन्यांची माहिती. प्रत्येक संचाला क्रमांक मिळतो आणि तो शोधनिबंधात छापला जातो. यातली नमुन्यांची माहिती सर्वात जास्त दुर्लक्षित राहते. नुसतं ‘रोगट मूळ’ लिहून चालत नाही. वाण कोणता, रोप किती दिवसांचं, लागण होऊन किती तास झाले, हे नसेल तर तुलना करता येत नाही. म्हणून किमान कोणती माहिती द्यायची, याचे नियम २००१ मध्येच ठरले.

वऱ्हाडाला काय फायदा?
‘पीकेव्ही तारा’सारखे तुरीचे वाण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दिले आहेत. नवा जनुकीय प्रयोग खर्चिक असतो. खुला डेटा असेल तर अमरावतीतला विद्यार्थीही संगणकावर हजारो जनुकांतून मोजकी निवडू शकतो. ती खरंच रोगाला अडवतात का, हे मात्र प्रयोगशाळेत आणि शेतातच तपासावं लागतं.

यालाही एक मर्यादा आहे. दुसरीकडच्या मातीत, दुसऱ्या बुरशीवर मिळालेलं उत्तर इथे जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. त्यामुळे वऱ्हाडात झालेल्या प्रयोगांचा डेटाही भांडारात जायला हवा. तो एखाद्या पेनड्राइव्हमध्ये पडून राहिला, तर पुढच्या संशोधकाला तोच खर्च पुन्हा करावा लागतो आणि शेतकऱ्याची वाट पाहणं लांबतं.