गोल्फ कार्ट रस्त्यावर उतरली तेव्हा : ताशी ३२ किलोमीटरची रेघ

आजचा विषय ऐकून म्हणाल, हे काय नवीनच. गोल्फ कार्ट. आपल्याला ती माहीत आहे ती विमानतळावर आजी-आजोबांना गेटपर्यंत सोडणारी, नाहीतर आयटी पार्कात पाहुण्यांना फिरवणारी. पण अमेरिकेत अशी गावं आहेत, जिथे लोक तिच्यातून किराणा आणतात, पोरं शाळेत जातात आणि त्याच गावात दीड-दोन टनांच्या मोटारीही धावतात. या दोघींनी एकत्र नांदायचं कसं, हा प्रश्न तिथे गेली पन्नासेक वर्षं चालू आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा इतिहास जुन्या कोडसारखा दिसतो. लिहिला एका कामासाठी, जुंपला भलत्याच कामाला.

सुरुवात जॉर्जिया राज्यातून करू. तिथल्या ऑगस्टा गावात १९५४ साली ई-झी-गो ही कार्ट बनवणारी कंपनी निघाली. कार्ट बनली गवतासाठी. हळू चालायचं, दर थोड्या अंतरावर थांबायचं, उतरायचं, चेंडू मारायचा, परत चढायचं. म्हणून तिला दारं नाहीत, पट्टा नाही आणि बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. मैदानावर यात चूक काहीच नाही.

त्याच राज्यात, अटलांटाच्या नैऋत्येला, १९५९ साली पीचट्री सिटी नावाचं गाव आखून वसवलं गेलं. पहिला महापौर जोएल कोवन, तेव्हा जेमतेम विशीतला! गाव कोऱ्या कागदावर आखलेलं असल्यामुळे झाडीतून, घरांच्या मागून जाणाऱ्या वेगळ्या वाटा काढणं शक्य झालं. आज या वाटांचं जाळं १६० किलोमीटरच्या आसपास आहे. मोठे हायवे आडवे येतात तिथे पूल आणि बोगदे. पंधरा वर्षांचं, शिकाऊ लायसन्स असलेलं पोर एकटं कार्ट चालवतं, आणि हायस्कूलच्या पार्किंगमध्ये कार्टांच्या रांगा लागतात. यातली खरी हुशारी मला कार्टमध्ये नाही, बोगद्यात दिसते. मोटार आणि कार्ट समोरासमोर आल्याच नाहीत, तर धडक होणार कशी?

पण प्रत्येक गावाला कोरा कागद मिळत नाही. कॅलिफोर्नियातलं पाम डेझर्ट आधीच उभं होतं, रस्ते झालेले होते. तिथे १९९३ पासून एक प्रयोग सुरू झाला, त्यासाठी राज्याने आदल्या वर्षी खास कायदा केला. या प्रयोगातून आलेली तीन पातळ्यांची मांडणी मला फार आवडते. पहिली, कार्टसाठी पूर्ण वेगळी वाट. दुसरी, मोठ्या रस्त्याच्या कडेला रंगाने आखलेली वेगळी लेन. तिसरी, मोटारींबरोबर एकाच रस्त्यावर, पण वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर किंवा त्याहून कमी असेल तरच.

हा ४० चा आकडा का? दहावीचं विज्ञान आठवा. वेग वाढला की धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ४० ने येणारी मोटार आणि ७० ने येणारी तीच मोटार, ऊर्जा जवळजवळ तिप्पट. आणि कार्टमध्ये ती झेलायला असतो प्लॅस्टिकचा पत्रा.

मग आला १९९८ चा जून. अमेरिकेच्या केंद्रीय रस्ता सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, ‘कमी वेगाची वाहनं’ असा नवा वर्गच काढला. ताशी ३२ ते ४० किलोमीटर पळणारी चारचाकी या वर्गात. तिला हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, पुढची काच, पार्किंग ब्रेक आणि सीट बेल्ट सक्तीचे. त्याआधी भानगड अशी होती, की ३२ च्या वर जाणारी कार्ट कागदोपत्री थेट मोटार ठरायची आणि मोटारीचे सगळे नियम तिला लागायचे, जे ती पाळूच शकत नव्हती. नव्या वर्गाने ती कोंडी फुटली. पण धडक चाचणी सक्तीची केली नाही. २०१० मध्ये आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने अशी दोन वाहनं बाजूने धडक देऊन तपासली. आत बसवलेल्या पुतळ्यांवरची मापं गंभीर किंवा जीवघेण्या इजेची निघाली.

आणि ३२ च्या खालच्या साध्या गोल्फ कार्टचं काय? ती केंद्राच्या लेखी मोटारवाहनच नाही. तिला पट्टा हवा की नको, हे राज्याने आणि गावाने बघायचं.

इथेच मी अडकलो, कारण आकडे वाचले तर गोष्ट उलटी फिरते. २००८ साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात १९९० ते २००६ या काळातल्या इमर्जन्सी वॉर्डांच्या नोंदी तपासल्या. कार्टमुळे जखमी झालेले अंदाजे १ लाख ४८ हजार, आणि वर्षाचा आकडा या काळात दुपटीहून जास्त झाला. यात मैदानावरचे अपघातही धरले आहेत. सगळ्यात जास्त जखमी कशामुळे? मोटारीच्या धडकेने नव्हे. कार्टमधून पडून किंवा उडी मारून, साधारण ३८ टक्के.

असं का होतं? अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. कार्ट जोरात डावीकडे वळली, की उजवीकडचा माणूस बाहेर फेकला जातो. चालकाच्या हातात स्टिअरिंग असतं, तो त्याला धरून राहतो. शेजारच्याकडे सीटच्या कडेची एक बुटकी दांडी, बस. शेजारी लहान मूल असेल तर त्याचे पाय जमिनीला टेकतही नाहीत. म्हणजे बोगदे बांधा, लेन आखा, मोटार कितीही लांब ठेवा, हा अपघात रिकाम्या वाटेवरही होतो. रस्ते बदलण्यात गावांनी डोकं चालवलं, हे कबूल. पण गाडी तीच राहिली, गवतावरची.

फ्लोरिडात द व्हिलेजेस नावाची निवृत्तांची प्रचंड वसाहत आहे. तिथे हायवेवरून कार्टसाठी पूल नेलेत. त्याच फ्लोरिडाने २०२३ च्या ऑक्टोबरपासून नियम कडक केले. आधी चौदा वर्षांचं मूलही रस्त्यावर कार्ट चालवू शकत होतं. आता पंधराव्या वर्षी शिकाऊ लायसन्स लागतं, सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकाऊ किंवा पक्कं. सार्वजनिक रस्त्यावरच्या कार्टला ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मागचं दिसणारा आरसा आणि लाल रिफ्लेक्टर लागतात. रात्री चालवायची तर हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि काचही. राज्याच्या त्या यादीत सीट बेल्ट मात्र नाही.