पाऊस वाढला की चित्र का थिजते?

हार्बर मार्गावरील गाड्या सुरू आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी बातम्या लावाव्यात आणि नेमका त्याच वेळी निवेदकाचा चेहरा चौकोनी तुकड्यांत विखुरला जावा, आवाज तुटावा आणि अखेर पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी सूचना झळकावी, हा वाशी, नेरुळ, ऐरोली परिसरातील पावसाळ्याचा नेहमीचा अनुभव आहे. दहा-पंधरा मिनिटांनी पावसाचा जोर ओसरला की चित्र आपोआप परत येते. तक्रार नोंदवून तंत्रज्ञ घरी येईपर्यंत ऊन पडलेले असते आणि त्याला काही दोष सापडत नाही. पुष्कळदा तो यंत्रात नसतोच. मात्र काही वेळा असतो, आणि या दोहोंतील फरक ओळखता आला तर निष्कारण होणारा खर्च टळतो.

घरोघरी उपग्रहावरून थेट प्रक्षेपण करण्यास केंद्र सरकारने २००० च्या अखेरीस अनुमती दिली. २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ (आजची ‘डीडी फ्री डिश’) आणि ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय (२०२२ पासून टाटा प्ले) या सेवा सुरू झाल्या. त्यांचे प्रक्षेपण ‘केयू’ पट्ट्यात, म्हणजे सुमारे ११ ते १२ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर होते. खिडकीच्या ग्रिलवर मावेल अशी ६० सेंटिमीटरची डिश शक्य झाली ती बरीचशी या पट्ट्यामुळेच. केबलचालकाच्या गच्चीवरील अजस्र तबकड्या मात्र प्रामुख्याने ४ गिगाहर्ट्झच्या ‘सी’ पट्ट्यातील लहरी टिपतात. त्या लहरींची लांबी साडेसात सेंटिमीटर, तर केयू लहरींची जेमतेम अडीच. पावसाचा टपोरा थेंब पाच मिलिमीटरपर्यंतचा असतो. लहर जितकी आखूड, तितकी ती अशा थेंबांत अधिक शोषली आणि विखुरली जाते. शेजारच्या घरात केबलवर मालिका निर्वेध सुरू असते आणि आपल्याकडे पडदा काळा होतो, त्याचे मूळ येथे आहे. शिवाय पाऊस स्वतःही सूक्ष्म लहरी उत्सर्जित करतो; त्यामुळे सिग्नल क्षीण होत असतानाच गोंगाट वाढतो.

पाऊस किती पडला यापेक्षा तो किती वेगाने पडला, हे येथे महत्त्वाचे ठरते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रानुसार तासाला १० मिलिमीटर वेगाचा पाऊस १२ गिगाहर्ट्झच्या लहरीचे किलोमीटरमागे अर्धा डेसिबलही नुकसान करत नाही. तोच वेग तासाला १०० मिलिमीटर झाला की नुकसान सुमारे साडेपाच डेसिबलवर जाते. तीन डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. अशा पावसाचा दोन किलोमीटरचा पट्टा ओलांडताना शक्ती मूळच्या बाराव्या हिश्श्यावर येते, आणि इतकी गळती सोसण्याची तरतूद लहान डिशच्या जोडणीत नसते. सी पट्ट्यात याच पावसाने होणारे नुकसान किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आतच राहते.

म्हणून दिवसभराचा भीज पाऊस किंवा रात्रभराची संततधार दूरचित्रवाणीला फारशी बाधत नाही. चोवीस तासांत २०० मिलिमीटर पाऊस सारख्या गतीने पडला, तर ताशी वेग जेमतेम आठ मिलिमीटर भरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याची ताशी सरासरीही ४० च्या आत भरते, पण बहुतांश पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला होता. उपग्रह सेवा तेव्हा नुकतीच रुजत होती आणि अनेक भागांत वीजच गेली होती, त्यामुळे त्या दिवशी डिशची परीक्षा झाली नाही इतकेच. वळीव आणि परतीचा पाऊस हे खरे वैरी. तासाभरात आटोपणाऱ्या या सरी एकूण मोजमापात किरकोळ दिसल्या तरी त्यांचा वेग भयंकर असतो.

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, तर फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर आहे. त्यामुळे येथील डिश आग्नेयेकडे पाहते. ८३ अंशांसाठी क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच. पावसाळ्यात ढगातील हिम वितळण्याची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते आणि तिच्यावरचे हिम लहरींना फारसे अडवत नाही. गणित मांडले तर लहर पावसातून सुमारे साडेपाच किलोमीटरचा तिरका प्रवास करते आणि हा सारा टापू घरापासून अडीच किलोमीटरच्या आत येतो. वाशीतील घराचे चित्र पुसणारा पाऊस सानपाडा-जुईनगरच्या आकाशातही असू शकतो. पूर्वेकडून येणाऱ्या वळवात डोक्यावर टिपूस नसतानाच चित्र जाते. पश्चिमेकडून सरकणाऱ्या जुलैच्या सरीत घराजवळचा पाऊस थांबल्यावरही ते काही मिनिटे परतत नाही.

जुन्या पिढीला ही अवस्था अधिक खटकते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यानंतरच्या काळात सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, पण मुंग्यांमागून माणसे दिसत. तेव्हाचा ‘रुकावट के लिए खेद है’ हा फलकही अनेकांना आठवत असेल. डिजिटल पद्धतीत चुका दुरुस्त करण्याची सोय असल्याने बिघाड बराच काळ जाणवतच नाही. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की मात्र सारे एकदम कोसळते. एचडी वाहिन्या बहुधा आधी जातात, कारण त्यांना सहसा अधिक स्वच्छ सिग्नल लागतो.

झिमझिम पावसातही चित्र जात असेल, किंवा पाऊस थांबून तास उलटला तरी येत नसेल, तर ती निसर्गाची करणी नव्हे. ६० सेंटिमीटरची डिश दीड अंश जरी हलली तरी सुमारे निम्मी शक्ती गमावते. कोरड्या दिवसांत ते कळत नाही, पावसाळ्यात अंगाशी येते. वाऱ्याने सैल झालेले बोल्ट, केबलच्या टोकाच्या जोडात शिरलेले पाणी, डिशच्या पुढील एलएनबी या भागाचे तडकलेले झाकण आणि समोर वाढलेली फांदी ही नेहमीची कारणे. सिडकोच्या जुन्या वसाहतींत इमारती बुटक्या आणि गुलमोहर, पर्जन्यवृक्ष उंच झाले आहेत. ओली पाने केयू लहरी चांगल्याच अडवतात. सेट टॉप बॉक्सवरील सिग्नलच्या ‘गुणवत्ते’चा आकडा मेच्या अखेरीस निरभ्र आकाशात टिपून ठेवावा. पुढील निरभ्र दिवशी तो घसरलेला दिसला, तर तंत्रज्ञाला बोलावण्यात अर्थ आहे. बॉक्सकडे जाणाऱ्या केबलला खिडकीबाहेर खालच्या बाजूस वळसा दिला की पाणी तेथेच निथळते. डिशला प्लास्टिक गुंडाळण्याचा घरगुती उपाय मात्र व्यर्थ आहे. त्यावर साचणारे पाणी उलट नुकसान वाढवते.

मोठ्या डिशचा आग्रह धरणाऱ्यांनीही थोडे गणित करावे. ९० सेंटिमीटरची डिश सव्वादोन पट क्षेत्रफळामुळे सुमारे साडेतीन डेसिबलची भर घालते. मध्यम सरींत ती उपयोगी पडते, मुसळधारेत फार तर काही मिनिटे वाचतात. आणि वाराही तिच्यावर सव्वादोन पट दाब टाकतो. खिडकीच्या ग्रिलला तो पेलेलच असे नाही. गच्चीवर भक्कम पाया आणि सोसायटीची संमती असेल तरच हा विचार करावा.

मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी मध्यान्हीच्या सुमारास लख्ख उन्हात काही मिनिटे चित्र गेले, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. काही दिवसांत तो पुढे सरकतो. त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही.

अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी बातम्यांसाठी केवळ डिशवर विसंबणे मात्र धोक्याचे. एफएमच्या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर, आकाशवाणीच्या मध्यम लहरींची शेकडो मीटर. पावसाचे थेंब त्यांच्या वाटेत येतच नाहीत. भ्रमणध्वनीच्या नेहमीच्या पट्ट्यांनाही पाऊस फारसा अडवत नाही, परंतु मनोऱ्याचा वीजपुरवठा टिकला पाहिजे. बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घरातील वीज गेली तरी बोलत राहतो. त्यातील सेल जूनच्या आरंभी बदलून घ्यावेत.