प्रश्न बदलला, म्हणून उत्तर मिळालं

औषधाचा रेणू प्रथिनाला किती घट्ट चिकटेल, हे संगणकावर थेट काढणं फार जड काम. रेणू पाण्यातून येतो, खाचेत बसतो, तिथलं पाणी बाहेर पडतं. हे सगळं हिशोबात धरावं लागतं. आणि चुकायला जागा किती? मोलमागे फक्त 1.4 किलोकॅलरी चुकली, की बंधनाचा स्थिरांक साधारण दहापट बदलतो.

सूत्र जुनंच होतं, झ्वान्झिग यांचं, 1954 मधलं. या प्रश्नाला ते जोडलं 1984 मध्ये, बी. एल. टेंबे आणि मॅकॅमन यांनी. (टेंबे सर पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते.)

युक्ती काय? ‘किती घट्ट?’ हे सोडून ‘दोघांपैकी कोण जास्त घट्ट?’ असं विचारायचं. संगणकात ‘अ’ रेणूचा हळूहळू ‘ब’ करायचा. एकदा पाण्यात, एकदा प्रथिनात. दोन्ही ऊर्जाबदलांची वजाबाकी म्हणजे उत्तर. असं रूपांतर प्रयोगशाळेत होत नाही, पण मुक्त ऊर्जा वाटेवर अवलंबून नसते, म्हणून हे चालतं.

औषध कंपन्यांत ही पद्धत रुळायला मात्र जवळपास तीस वर्षं गेली. तेवढी गणनशक्तीच नव्हती. संशोधनाचा विषय निवडताना हे लक्षात ठेवा: प्रश्न अडला, की आधी तो वेगळा मांडून बघायचा.