टाकून द्यायचं की थांबवायचं?

गोष्ट ऑक्टोबर 1986 ची. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम 400 यार्ड. पण त्यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला 32,000 बिटवरून 40 बिटवर कोसळला. हरवलेली पॅकेटं संगणक पुन्हा पुन्हा पाठवत राहिले, गर्दीत भरच पडली. 1988 मध्ये व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला: पॅकेट हरवलं, की पुढे गर्दी आहे असं समजा आणि वेग कमी करा.

त्याच 1986 मध्ये जोनाथन टर्नर यांनी ‘गळकी बादली’ सुचवली. प्रत्येक पाठवणाऱ्यामागे एक आकडा. पॅकेट आलं की तो वाढतो, ठरावीक वेळाने उतरतो. मर्यादा ओलांडली, की पॅकेट टाकून द्यायचं. हे झालं पोलिसिंग. पुढे याच बादलीचा दुसरा अर्थही रूढ झाला: जादा पॅकेटं रांगेत थांबवायची, सावकाश सोडायची. हे शेपिंग.

आता बघा, मर्यादा दोन्हीकडे तीच. शेपिंगला राउटरची मेमरी लागते, उशीरही होतो. पोलिसिंगला रांगच नको, म्हणून ते स्वस्त. पण जेकबसनच्या नियमाने चालणारा संगणक टाकलेल्या पॅकेटचा अर्थ ‘गर्दी’ असाच लावतो आणि पुष्कळदा मर्यादेच्याही खाली येतो. म्हणजे राउटरचा वाचलेला खर्च वापरणाऱ्याच्या अंगावर पडतो. मर्यादा किती, हे आपण विचारतोच. ती राबवतात कशी, हेही विचारायला हवं.