मेपल लीफ गार्डन्स : टोरांटोची बर्फशाळा

टोरांटोतील मेपल लीफ गार्डन्स हे आइस हॉकीचे बंदिस्त मैदान १९३१ साली, ऐन जागतिक मंदीत उभे राहिले. कृत्रिम बर्फाचे मैदान शहरात त्याआधीही होते. म्युच्युअल स्ट्रीटवरचे मैदान १९१२ मध्येच सुरू झाले होते. पण तिथे माणसे फार मावत नसत, आणि तिकिटांच्या तेवढ्या उत्पन्नात मेपल लीफ्स संघ पोसणे अवघड होते. संघाचे चालक कॉन स्माइद यांचा मूळ धंदा वाळू-खडीचा, त्यामुळे बांधकाम आणि हिशेब दोन्ही त्यांना कळत होते. कार्लटन आणि चर्च या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची जागा त्यांनी ईटन्स या बड्या दुकानदार कंपनीकडून घेतली.

पैसा मात्र कमी पडला. तेव्हा स्माइद यांचे सहकारी फ्रँक सेल्की यांनी कामगार संघटनांना गळ घातली : मजुरीचा पाचवा हिस्सा रोखीऐवजी कंपनीच्या शेअरमध्ये घ्यावा. सेल्की स्वतः वीजतंत्री आणि संघटनेतले, म्हणून त्यांचा शब्द चालला. हाताला काम नसण्यापेक्षा हे बरे, असा मजुरांचा विचार असणार. पुढे त्या शेअरचा भाव चांगलाच चढला. जूनमध्ये सुरू झालेले काम साडेपाच महिन्यांत संपले आणि १२ नोव्हेंबर १९३१ रोजी तेरा हजारांवर प्रेक्षकांसमोर पहिला सामना झाला. शिकागोने तो २-१ असा जिंकला. पण त्याच हंगामात स्टॅन्ली चषक टोरांटोकडे आला.

ज्यांना तिकीट परवडत नसे त्यांच्यापर्यंत हे मैदान रेडिओने पोहोचवले. छताखाली टांगलेल्या अरुंद सज्जातून फॉस्टर ह्यूइट सामन्याचे धावते वर्णन करत, आणि शनिवारी रात्री देशभरातली घरे ते ऐकत बसत.

अशा मैदानाचा बर्फ दिसतो त्यापेक्षा पातळ असतो, जेमतेम इंचभर. काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते. त्यांतून गोठणबिंदूखाली थंड केलेले खारे पाणी फिरत राहते, आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवले जातात. दुसरा कार्यक्रम असला की बर्फ न वितळवता त्यावर फळ्या अंथरता येतात. नुसत्या हॉकीवर एवढी मोठी वास्तू चालत नाही, त्यामुळे ही सोय धंद्याच्या दृष्टीने फार मोलाची.

गार्डन्सने तिचा पुरेपूर उपयोग केला. एनबीए ही बास्केटबॉल लीग ज्याला आपला पहिला सामना मानते तो १ नोव्हेंबर १९४६ रोजी इथेच झाला. बास्केटबॉलला गर्दी जमावी म्हणून यजमान संघातील सर्वांत उंच खेळाडूहून उंच असणाऱ्याला फुकट प्रवेश जाहीर केला होता. १९६४ ते १९६६ अशी तिन्ही वर्षे बीटल्स इथे गायले. १९६६ मध्येच मुहम्मद अली आणि जॉर्ज शुवालो यांची पंधरा फेऱ्यांची लढत झाली. १९८५ मध्ये लता मंगेशकर यांनी युनायटेड वे या संस्थेच्या मदतीसाठी इथे गाणी म्हटली. त्या रात्री त्यांनी कॅनडाच्या अ‍ॅन मरे यांचे एक इंग्रजी गीतही गायले.

१९७२ मध्ये मालकांपैकी एक असलेल्या हॅरोल्ड बॅलर्ड यांच्या हाती पूर्ण ताबा आला आणि वास्तूची रया गेली. त्याच वर्षी फसवणूक आणि चोरीच्या गुन्ह्यांत ते दोषी ठरले. जादा खुर्च्यांसाठी मैदानात लावलेली राणीची तसबीर काढली गेली, तर ह्यूइट यांचा तो ऐतिहासिक सज्जा १९७९ मध्ये मोडून टाकण्यात आला. त्याहून काळी गोष्ट १९९७ मध्ये उजेडात आली : इथल्या काही कर्मचाऱ्यांनी अनेक वर्षे लहान मुलांचे लैंगिक शोषण केले होते. या वास्तूचे गोडवे गाताना हे प्रकरण वगळता येणार नाही.

खेळातही उतरण लागली होती. मेपल लीफ्स या नावाने संघाने जिंकलेले अकराही स्टॅन्ली चषक गार्डन्समध्ये खेळत असतानाचेच, पण त्यांतला शेवटचा १९६७ चा. १३ फेब्रुवारी १९९९ रोजी इथला अखेरचा सामनाही शिकागोविरुद्धच झाला आणि तोही टोरांटोने ६-२ असा गमावला. त्यानंतर संघ नव्या मैदानात गेला.

वास्तू पाडली गेली नाही. २००७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०११ पासून तळमजल्यावर लॉब्लॉज कंपनीचे किराणा दुकान आहे. जुन्या मैदानाचा मध्यबिंदू तिथल्या फरशीवर लाल ठिपक्याने दाखवला आहे. वरच्या मजल्यावर शहरातल्या एका विद्यापीठाने २०१२ मध्ये नवे बर्फाचे मैदान सुरू केले, आणि विद्यार्थ्यांचे संघ तिथे हॉकी खेळतात.