अर्जातले रकाने

कुठलाही सरकारी अर्ज मी शेवटून वाचतो. आधी यूसीचा (उपयोगिता प्रमाणपत्राचा) नमुना, मग हप्त्यांच्या अटी, मग खर्चाचा तक्ता, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या पानावरचं उद्दिष्ट. उद्दिष्ट सगळे सुंदरच लिहितात. सरकार कशाला पैसे देणार आणि कशाला नाही, ते खर्चाच्या रकान्यांत कळतं.

भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या बाजूला माझं टेबल आहे. सुरुवात लेथवाल्यांच्या कर्जाच्या कागदांनी झाली. आता येतात ती पवईकडची, आयआयटीतून बाहेर पडलेली पोरं-पोरी. कुणी छातीचा एक्स-रे वाचणारा प्रोग्रॅम करतंय, कुणी हृदयाचे ठोके ऐकून झडपेतला दोष सांगणारा. पवई आणि भांडुप महापालिकेच्या एकाच एस वॉर्डात येतात, फरक भाड्याचा. म्हणून कंपनी पवईची, खोली भांडुपची आणि ‘काका, ग्रँटचा अर्ज बघता का?’ म्हणून माझ्याकडे.

नव्या तंत्रासाठी सरकारचा हात धरायची गोष्ट भांडुपला मात्र नवी नाही. मुंबई सरकारचा मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क 1843 साली भांडुपला आला होता, आणि मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्याला त्या भेटीत सुचली, असं रेल्वेचे इतिहासकार लिहितात. 1849 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीशी करार झाला तो प्रायोगिक मार्गाचा. आजची पोरं त्याला ‘पायलट’ म्हणाली असती. भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारची, आणि कमी पडेल ते भरायचं इथल्या महसुलातून. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती भांडुपवरूनच. धोका सरकारचा आणि नफा भागधारकांचा. असला अर्ज भरायचं भाग्य मला लाभलं नाही.

औषधपाण्याच्या शोधाला सरकारी पैसा मिळायची गोष्ट सुरू होते ती भायखळ्यात. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर त्यावर लस शोधायला जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं ते असं: एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. मला सापडलेला हा मॅनपॉवरचा सगळ्यात जुना रकाना. त्यात कारकून होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. 10 जानेवारी 1897 ला हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली आणि थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगातल्या, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना. मग आगाखानांनी घर दिलं आणि 1899 च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

याच परळच्या प्रयोगशाळेत 15 नोव्हेंबर 1911 ला इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या नियामक मंडळाची पहिली बैठक भरली. अध्यक्ष सर हारकोर्ट बटलर. वैद्यकीय संशोधनाला पैसा देण्यासाठी काढलेली ही संस्था 1949 साली आयसीएमआर झाली. उपकरणं, काचसामान आणि रसायनं, माणसं, प्रवास, किरकोळ: हे रकाने मी आजही भरतो, आणि दर वेळी वाटतं की हे परळच्या त्या प्रयोगशाळेकडे बघूनच कुणीतरी आखले असावेत.

स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं हा पैसा संस्थेकडून संस्थेकडेच जात राहिला. आमच्या भांडुपच्या वाट्याला कारखाने आले: सिएट, गेस्ट कीन विल्यम्स, एशियन पेंट्स. त्यांच्या आसपास गाळे. गाळेवाल्याला अनुदान कोण देणार, त्याला कर्ज. त्या अर्जाचे रकाने वेगळे होते. यंत्रसामग्रीची किंमत किती (लघुउद्योगाची मर्यादा 1985 साली 35 लाख झाली, 1991 मध्ये 60 लाख), मोटर किती हॉर्सपॉवरची, गाळा कुणाच्या नावावर, जामीनदार कोण. जिच्यावर हात ठेवता येईल अशीच वस्तू त्या अर्जात मावायची. मशीनवर बँकेचं नाव रंगवून ठेवावं लागे. डोक्यात नुसती कल्पना घेऊन आलेल्या माणसाला मी चहा पाजून परत पाठवायचो.

हे बदलायला 2005 साल उजाडलं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने छोट्या खासगी कंपन्यांच्या संशोधनासाठी एसबीआयआरआय योजना काढली. 2012 मध्ये त्याच विभागाची बायरॅक ही संस्था आली आणि तिच्यामागून ‘बिग’ अनुदान: पन्नास लाखांपर्यंत, मुदत अठरा महिने. त्याच्या अटी पहिल्यांदा हातात आल्या तेव्हा मी जामीनदाराचा रकाना शोधत बसलो होतो. तो नव्हताच. 2014 ला राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून आयआयटीत बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं, डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसू लागले, आणि माझ्याकडची गर्दी वाढली.

जामीनदार गेला तरी हिशेब सुटत नाही. अनुदानाचं खातं वेगळं ठेवायचं. त्यावर बँकेने दिलेलं व्याजसुद्धा भारताच्या संचित निधीत परत भरायचं. हे ऐकून पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. यूसीचा नमुना पूर्वी 19-ए होता, 2017 च्या वित्तीय नियमांत तो 12-ए झाला. जुना नमुना भरलेली फाईल परत आली की समजायचं, नमुना इंटरनेटवरून कुठून तरी उचललाय.

खरी पंचाईत एआयवाल्यांची. एक्स-रे वाचणारा प्रोग्रॅम घडवायचा तर हजारो एक्स-रे लागतात. प्रत्येक फिल्म रेडिऑलॉजिस्टने बघायची, डागाभोवती रेघ ओढायची. दोघांचं मत जुळलं नाही तर तिसऱ्याला विचारायचं. कच्चा माल म्हणाल तर हाच. आता तो रकान्यात बसवा. उपकरणं: एक बरा संगणक. रसायनं आणि काचसामान: शून्य. हे शून्य पाहिलं की तपासणाऱ्याला संशय येतो, काम होणार आहे की नाही? डॉक्टर पगारी नाही, फिल्ममागे मानधन घेतो, म्हणजे मॅनपॉवरमध्ये नाही. क्लाउडचं भाडं महिन्याला जातं आणि शेवटी मालमत्ता नोंदवहीत लिहायला काहीच उरत नाही. एकदा एक मुलगी वैतागून म्हणाली, ‘काका, सगळं किरकोळमध्ये टाकू का?’ म्हटलं, अगं, सगळा प्रकल्पच किरकोळ दाखवशील तर देईल कोण? डॉक्टरांचं मानधन आम्ही सल्लागार सेवेत बसवलं आणि त्याखाली दर फिल्मचा हिशेब जोडला. तेवढा कागद जोडला की प्रश्न कमी येतात.

रकाने आता हळूहळू सरकताहेत. सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरण धरलं जाऊ लागलं ते 1 एप्रिल 2020 पासून. तेव्हापासून अर्जात जोखमीचा वर्ग ए, बी, सी की डी, हे लिहावं लागतं. 2021 ला जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या तपासणीत संगणकाने वाचलेला छातीचा एक्स-रे चालेल अशी शिफारस केली. मुंबईत 2016 पासून हेच काम करणाऱ्या क्युअर.एआयचं उदाहरण त्यानंतर माझ्याकडच्या निम्म्या अर्जांत दिसू लागलं. टाटा मेमोरियलने जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून, आयआयटीला सोबत घेऊन, कर्करोगाच्या प्रतिमांची बँक उभारली. म्हणजे कच्च्या मालालाच सरकारी पैसा. हे मला पन्नास छोट्या अनुदानांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. 2024 च्या मार्चमध्ये 10,372 कोटींचं इंडियाएआय मिशन मंजूर झालं, त्यात मोठ्या संगणकांच्या भाड्याचीही सोय आहे.

आणि सगळ्यात उशिरा आलेला रकाना रुग्णाचा. भायखळ्याच्या कैद्याची ‘स्वखुशी’ म्हणजे नेमकं काय, हे 1897 मध्ये विचारायला कुठली चौकट नव्हती. आयसीएमआरने माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचं पहिलं निवेदन काढलं ते 1980 साली, आणि खास एआयसाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2023 ला. आता अर्जात स्पष्ट विचारतात: या फिल्म कुणाच्या, नावं पुसली का, संमती कुणी घेतली? सोबत एथिक्स कमिटीचं पत्र. कमिटीच्या बैठका आपल्या सवडीने भरतात, एखादी शंका निघाली की पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. अठरा महिन्यांचं घड्याळ तोवर चालूच असतं. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी बजेट विचारत नाही. विचारतो, कमिटीची पुढची बैठक कधी आहे, आणि त्यासाठी कागद कितव्या तारखेपर्यंत द्यायचेत?